इहीणबाईच्या मशीनले झालेला मुतखडा

मु. बोरखडी, ता. दर्यापूर
सोमवार, दुपारची जेवणं झाल्यावर

सौ. शकुनबाई इहीणबाई यांले बोरखडीहून तानुबाईचा नमस्कार पोचावा. नमस्कार बसल्या बसल्याच करून राहिली. एक तं कंबर वाकत नाही, अन् दुसरं म्हणजे मी नवरदेवाची माय, जास्त वाकणं मले शोभतही नाही. तुमची तब्येत बरी असन. इवाई वामनरावांच्या गुडघ्याचं कसं काय? मागं तुमी सांगतलं होतं का ते तेल लावून आता चालून राहिले. चालत कुठवर गेले ते कळवा. माझी तब्येत चांगली आहे. खडा निघाला तेव्हापासून (डॉक्टरनं तो डबीत घालून दिला होता, तुरीच्या दाण्याएवढा, मी यष्टीतून उतरल्यावर फेकून दिला, जपून ठेवायले तो काय मोती होय?) पोटात काही दुखलं नाही. दोन टाइम जेवते, चार टाइम चहा पिते अन् शेजारच्या सुभद्राशी एक टाइम भांडते. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

आता तुमी म्हणसान, हिनं फोन काहून नाही केला, पत्र काहून लिहिलं. तं इहीणबाई, तुमी फोन स्पीकरवर ठेवता. तुमच्या कानाची मले काळजी आहे, पण आपण दोघी बोललो का तुमची अख्खी गल्ली ऐकते, अन् दिवा लागायच्या आत अकोल्याले तुमच्या लेकीले सगळं पाठ असते. मागच्या टायमाले मी रागिणीच्या भरताबद्दल तुमच्याजवळ एकच शब्द बोलली, तं संध्याकाळी किशोरचा फोन: आई, भरतात मीठ जास्त झालं होतं का? म्हणून हा कागद. माझी शाळा तिसरीपर्यंत (तिसरीत मास्तरची बदली झाली, त्यायच्यासंगं माझं शिक्षणही गेलं), तवा कुठं काना-मात्रा राहिला असन तं तुमच्याजवळचा लावून घ्या. तुमी सातवी शिकल्या, तुमच्याजवळ जास्तीचे असतीन. पत्र नत्थुजीच्या हाती देऊन राहिली. नत्थुजी म्हणजे आमच्या समोरच्या घरचे, ज्यायले सगळं समजते ते. उद्या ते अमरावतीले, म्हणजे तुमच्याच गावी, लेकीकडे चालले, नवा चष्मा करायले. जुना फुटला. तो कसा फुटला ते पुढं येईनच, पण फुटला म्हणून मले त्यायच्याबद्दल मोकळ्या मनानं लिहिता येऊन राहिलं.

तं आता मशीनचं. तुमी दिवाळीले नवं पाण्याचं मशीन घेतलं अन् जुनं आमाले धाडलं, ते. मी तुमच्या घरून आलेल्या वस्तूले नाव ठेवणारी बाई नाही (लग्नात दिलेल्या चादरीले मी आजवर नाव ठेवलं नाही, वापरली नाही, ती गोष्ट वेगळी), पण जे झालं ते तुमाले कळलं पाहिजे. आमच्या पाण्याचं तुमाले नव्यानं काय सांगावं! तुमच्याकडे धरणाचं गोड पाणी, अन् आमचा हा खारपाणपट्टा. इथचं बोअरचं पाणी पिलं का तहान जात नाही, डबल होते. डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, अन् पाहुण्यानं पहिला घोट घेतला का गिलासाकडे असा पाहते जसं गिलासानंच त्याले शिवी दिली. मी पन्नास वर्षं हेच पाणी पिली, कोणाले काही म्हणलं नाही. मंग खडा झाला, अकोल्याच्या डॉक्टरनं पाण्याचं नाव घेतलं, अन् किशोरले तेवढंच पाहिजे होतं. म्हणे, आई, घराले कुलूप लाव अन् अकोल्याले चल. तिसऱ्या मजल्यावर! त्या तिसऱ्या मजल्यावर मी आठ दिवस राहून पाह्यली. खाली उतरलं का वॉचमन विचारते, कुठं चालल्या. वर बसलं का रागिणी विचारते, काय पाहिजे. मले काहीच पाहिजे नव्हतं, मी नुसती बसली होती. पण त्या घरात नुसतं बसलेलं माणूस कोणाले पाहवत नाही. तवा तुमी मधात पडल्या (एरवी तुमी मधात पडता ते मले आवडत नाही, पण त्या दिवशी आवडलं) अन् म्हणल्या, आमचं जुनं मशीन घेऊन जा, गोड पाणी घरीच प्या. किशोरनं ऐकलं, पण कलम लावलं. मशीन बरोबर चाललं तोवर राहा. ज्या दिवशी पाणी थांबलं, त्या दिवशी गाडी दारात उभी. म्हणजे आता माझं घर, माझी म्हैस, परसातली वांगी अन् सांबार (तुमची लेक आता त्याले कोथिंबीर म्हणते), सुभद्राशी होणारं भांडण, हे सारं त्या एका तोटीले लटकून आहे.

तुमचा जावई मोठा हुशार. दर रविवारी सकाळी नऊले व्हिडिओ फोन लावते. फोन मी कुकरले टेकवून ठेवते, तोटी दिसली पाहिजे अशी. तो तिकडून घड्याळ पाहते, मी इकडून तोटीखाली भांडं धरते. दोन मिनिटांत भांडं भरलं तं आई पास. (मशीनच्या आतली टाकी तडकलेली होती. तुमच्याच घरी तडकली, आमच्या नाही. म्हणून ते बसवणाऱ्या माणसानं टाकी काढून पाणी सीधं तोटीले जोडून दिलं. जेवढं गाळून होईन तेवढंच तोटीले येईन.) पहिले चार-पाच रविवार तांब्या काठोकाठ भरला. मंग मधात एक रविवार असा आला का तांब्या एका मिनिटातच भरला. किशोर म्हणे, वा आई! मी म्हणलं, तुमच्या घरच्यापेक्षा आमच्या गावच्या हवेत मशीन खुलून राहिलं. ते खुलणं आठ दिवस टिकलं. पुढच्या रविवारी तांब्या गळ्यापर्यंतच आला, अन् पाणी जिभेले खारट लागाले लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी तांब्या ठेवलाच नाही, गिलास ठेवला. किशोर विचारे, तांब्या कुठं गेला? म्हणलं, सुभद्रा घेऊन गेली. (सुभद्रा मागंच उभी होती. ती मी कायले नेऊ म्हणून बोलाले लागली, तिले चिमटा काढला.) मंग गिलासाचा कप झाला. कप मी फोनाच्या अगदी जवळ धरला, म्हणजे गिलासाएवढा दिसते. अन् त्याच्या पुढच्या रविवारी तं तोटीतून अशी लेकुरवाळ्या बाईच्या चालीनं धार पडे का ठिपका, थांबा, ठिपका, थांबा. दोन मिनिटांत कपाचं बूडही ओलं होईना. तवा मी देवाजवळची तीर्थाची पळी घेतली. ती भरली! किशोरले म्हणलं, आज पहिलं पाणी देवाले. तर तिकडं तुमचा जावई हात जोडून उभा, रागिणीले बोलवून दाखवते, पाह्य, आई मशीनचं पाणी आधी देवाले देते. रागिणीनंही हात जोडले. मले लाज वाटली असती, पण पळी सांडू नये म्हणून सगळं लक्ष तिथंच होतं.

पळीच्या खाली भांडं नाही, इहीणबाई. पळीनंतर मले सरळ तिसरा मजलाच दिसाले लागला. म्हणून इलाज सुरू केले. आधी मी तोटी काढून चिंचेनं घासली. सोन्यावाणी चमकली, पाणी तेवढंच. मंग नत्थुजी आले. नत्थुजी जवान होते तवा दोन वर्षं लाइनमनची शिडी धरत. त्या दोन वर्षांच्या भरवशावर ते गावातल्या सगळ्या तारा अन् सगळ्या नळ्यायचे इंजिनिअर आहेत. ते मशीनकडे इतका वेळ पाहत राहिले का मले वाटलं डोळा लागला. मंग म्हणे, वहिनी, पाण्याले जोर नाही. पाण्याचा ड्रम घराच्या स्लॅबवर आहे, तो अजून उंच पाहिजे. आता स्लॅबच्या वर काय आहे? आकाश आहे. तं गोठ्याचं टिन स्लॅबपेक्षा हातभर उंच म्हणून नत्थुजीनं त्याच्यावर बाज चढवली, बाजेवर ड्रम, अन् ड्रमात पाणी सोडलं. (मी विचारलं, टिन दम धरन का? म्हणे, वहिनी, टिन लोखंडाचं असते.) ड्रम अर्धा भरेपर्यंत टिननं दम धरला. मंग टिन वाकलं, बाज सरकली, अन् ड्रम असा सावकाश खाली आला जसा मोठा पाहुणा गाडीतून उतरते, अन् शेणाच्या ढिगावर येऊन बसला. कोणाले लागलं नाही. पण म्हशीनं त्या दिवसापासून नत्थुजीचं तोंड पाहिलं का दूध वर ओढून घेते. दोन दिवस तिनं आमाले कोरा चहा पाजला.

नत्थुजी दमले असतीन असं वाटलं, पण त्यायचा तो गुण नाही. तिसऱ्या दिवशी ते खांद्याले फवारणीचा पंप लटकवून आले. कपाशीवर औषध मारायचा, बॅटरीवाला. नवाकोरा होता, अजून औषध लागलेलं नव्हतं (नाहीतर मी त्यायले अंगणातच उभं ठेवलं असतं). त्यायचं म्हणणं, मशीन चोंदलं, आता पंपानं आतून जोर द्यायचा. मशीनची नळी अन् पंपाची नळी एकमेकींले लावून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. नत्थुजी म्हणे, वहिनी, तुमी बटन दाबा, मी जोड पाहतो. मी बटन दाबलं. ते जोड पाहाले वाकले, नाक नळीले लावून. पहिले काहीच झालं नाही. मंग मशीनच्या पोटातून कबुतरासारखा आवाज आला. नत्थुजी म्हणे, हे पाहा, मोकळं होऊन राहिलं! तेवढं म्हणून झालं अन् नळी सुटली. चष्मा फुटला तो तवा. नळी तिथंच थांबली नाही, ती उभी राहून नागासारखी डोलाले लागली अन् तिची धार खिडकीतून भिंतीपलीकडं गेली. तिथं सुभद्रानं ज्वारीच्या पापड्या वाळू घातल्या होत्या. पलीकडून आवाज आला, ओ मावशी, फागुनातच पावसाळा आणला का? मी म्हणलं, बाई, मशीनची धार तपासून राहिलो. ती म्हणे, तपासली असन तं सांगते, चांगली आहे धार, माझ्या तीनशे पापड्या वाहून गेल्या. तीनशे नव्हत्या, इहीणबाई. शंभर असतीन. पण सुभद्रा मोजताना नेहमी रागात असते.

शेवटी मी दर्यापूरहून चंदनले बोलावलं. चंदन म्हणजे ज्यानं मशीन बसवलं तो, चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, मिशीवाला, स्वभावानं शांत. भीती एवढीच होती का त्याच्याजवळ किशोरचा नंबर आहे. म्हणून तो जीपमधून उतरला तसा मी त्याले आधी जेवू घातलं, मंग त्याच्या मायचं नाव विचारलं (ती माझ्या माहेरची निघाली, नसती निघाली तरी मी काढली असती), अन् मंग सांगतलं का किशोरले फोन केला तं तुझ्या मायले तुझं सगळं सांगीन. तो म्हणे, आजी, माझं काय सांगसान? म्हणलं, ते मी तवा पाहीन. तो बिचारा पान्हा घेऊन उठला. त्यानं आधी भिंतीवरचा तो काचेसारखा डबा उघडला, ज्यात पांढरी कांडी असते. ती कांडी हळद लागलेल्या नवरदेवावाणी पिवळी झाली होती. बदलली. पाण्यात फरक नाही. मंग त्यानं विचारलं, आजी, खराब पाणी फेकायची नळी कुठं जाते? मी म्हणलं, जाते तिकडं. तो नळी धरून तिकडं गेला, ज्वारीच्या कोठीच्या मागं, वाकला, अन् बराच वेळ उठलाच नाही. मंग तिथूनच आवाज आला.

“आजी, ही गाठ कोणं मारली?”

“मी मारली.”

“अन् वरून हे लाकडाचं बूच?”

“तेही माझंच. गाठ ढिली पडली तं म्हणून.”

“काहून पण आजी?”

काहून म्हणे! इहीणबाई, तुमी मशीन धाडलं तवा हे सांगतलं नाही का ते एक हंडा पाणी देते अन् तीन हंडे फेकून देते. तुमच्याकडे फेकत असन, तुमच्याकडे मोरीत गेलेल्या पाण्याकडे पाहणारं कोणी नाही. मी डोक्यावर हंडे वाहून पाणी आणलेली बाई. माझ्या डोळ्यादेखत रात्रंदिवस नळी वाहते अन् मी पलंगावर पडून ऐकते, हे मले जमत नाही. तरी मी आधी त्या पाण्याचा उपयोग करून पाह्यला. सांबारले घातलं, सांबार दोन दिवसांत असा मान टाकून पडला जसा परीक्षेत नापास झालेला. कपडे धुतले, ते वाळल्यावर उभे राहाले लागले. भांडे घासले, ते पांढरे झाले. म्हशीपुढं बादली ठेवली, तिनं एकदा हुंगलं अन् माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. दहा वर्षांत ती माझ्याशी अशी वागली नव्हती. जे पाणी म्हशीच्याही कामाचं नाही ते बाहेर कायले पाठवायचं? म्हणून नळीले गाठ मारली, का आतच राहा अन् गोड होऊन ये. अन् झालं ना तसं! तो जो रविवार सांगतला, तांब्या एका मिनिटात भरला तो, तो त्या गाठीचाच होता. आठ दिवस मी स्वतःले त्या कंपनीतल्या सगळ्यायपेक्षा हुशार समजत होती. मले कोणं सांगतलं होतं का ती नळी म्हणजे मशीनची लघवीची जागा होय? चंदननं तसंच सांगतलं. (तोंड दुसरीकडं करून सांगतलं, संस्कारी आहे.) म्हणे, आजी, सारा खार आत तुंबला. मंग त्यानं मशीनच्या पोटातून एक गुंडाळी काढली, मेम्ब्रेन म्हणतात तिले, तिच्यातूनच पाणी गोड होऊन येते. ती गुंडाळी आता दगड झाली होती. खाली टाकली तं फरशीवर खण्ण वाजली. चंदन म्हणे, आजी, तुमच्या पोटातला खडा डॉक्टरनं काढला, तो मशीनच्या पोटात झाला. नवी मेम्ब्रेन टाका, नळी मोकळी ठेवा, मशीन पहिल्यासारखं. पण हे मॉडेल लय जुनं, याची मेम्ब्रेन इकडं भेटत नाही. एवढं बोलून त्यानं तीच दगडाची गुंडाळी परत आत बसवली, गाठ सोडली, बूच मले परत दिलं अन् गेला.

आता झालं काय, का चंदन हे सांगून राहिला होता तवा नत्थुजी अन् सुभद्रा दोघंही दारात उभे होते. खडा हा शब्द दोघायनं ऐकला. अन् खडा म्हणलं का आपल्या लोकायले डॉक्टर लागत नाही. सुभद्रा म्हणे, मावशी, कुळथाचं पाणी. नत्थुजी म्हणे, कुळीथ तं पाहिजेच, पण संगं पानफुटीचा रसही. मी म्हणलं, अहो, ते माणसाले देतात, मशीनले कोण देते? नत्थुजी म्हणे, वहिनी, पाणी तेच, खडा तोच, मंग इलाज दुसरा काहून? रविवार तोंडावर आला होता, मी हो म्हणलं. शनिवारी सुभद्रानं पातेलंभर कुळीथ उकळले (पापड्यायचा राग विसरून, तिचं मन चांगलं आहे, तोंड तेवढं माझ्यासारखं), त्यात पानफुटी वाटून टाकली, गाळलं, थंड केलं, अन् नत्थुजीनं मशीन उघडून नळ्या काढून आतमधी ओतलं. उपाशीपोटी द्यायचं असते म्हणून सकाळपासून मशीन बंद ठेवलं होतं. मंग नत्थुजीनं नळ्या परत लावल्या. चष्म्याशिवाय लावल्या. कोणती नळी कोणत्या भोकात गेली ते देवाले माहीत.

काल रविवार. नऊ वाजले, फोन वाजला. मी देवाचं नाव घेऊन पळी धरली, तोटी सोडली, अन् इहीणबाई, तोटीतून अशी धार सुटली का पळी हातातून उडून गेली! जे भांडं सापडलं ते खाली लावलं, ते भरलं. बादली लावली, ती अर्धी झाली. पण पाण्याचा रंग गुळाच्या चहावाणी अन् वर बोटभर फेस. वासही सुटला होता, पण तो फोनातून जात नाही, एवढी कृपा. किशोर म्हणे, आई, पाणी पिवळं काहून दिसून राहिलं? मी म्हणलं, तुझा फोन पिवळा झाला असन, पूस. तो बिचारा तिकडं फोन पुसत बसला. तेवढ्यात रागिणी मधात आली, म्हणे, आई, फेस काहून येऊन राहिला? (तुमची लेक आहे, तिले दिसतेच.) मी म्हणलं, बाई, धारेले जोर असला का फेस येते. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळाले जोर नाही, तुमाले कुठून माहीत असणार! किशोर म्हणे, नाही पण आई, धार जबरदस्त आहे. अन् खुशीनं फोन ठेवला. मी तोटी बंद केली अन् बादली मोरीत ओतली. आज सकाळी चंदन पुन्हा आला, सगळ्या नळ्या जागच्या जागी लावल्या, मशीन धुतलं, अन् हसला. मिशी हलताना दिसली. आता पाणी साफ येते, गोडही येते. पण पळीभरच.

असं आहे सगळं. तुमी मनाले काही लावून घेऊ नका. वस्तू जुनी होती, कधी ना कधी बिघडणारच होती. तुमच्या वस्तूनं आमाले काही तकलीफ झाली असं मी कोणाजवळ म्हणलं नाही, म्हणणारही नाही. मले तुमच्यापासून काहीच पाहिजे नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून चार ओळी लिहिल्या. इवाईले नमस्कार सांगा. चूकभूल पोटात घाला, तुमचं पोट मोठं आहे (मनानं म्हणते).

तुमची,
तानुबाई

ता. क. ती मेम्ब्रेन तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जे दुकान आहे, जिथून तुमी हे मशीन घेतलं होतं, तिथं भेटते असं चंदन म्हणते. नमुन्याले जुनी गुंडाळी पाठवली असती, पण ती काढली तं पळीभरही येणार नाही. म्हणून चंदनकडून मशीनचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला, संगं जोडला आहे. नत्थुजी गुरुवारच्या यष्टीनं परत येतात, त्यायच्याच हाती द्या. कागदात गुंडाळून, वर काही लिहू नका, अन् काय आहे ते सांगू तं नकाच, नाहीतर रस्त्यातच बसवून पाहतीन. दुकानदार आधी नाही म्हणन, जुन्या गिऱ्हाइकाले ते आधी नाहीच म्हणतात. तुमी तिथं स्टुलावर बसून राहा. तुमी बसून राहिल्या का माणूस लवकर हो म्हणते; माझ्या किशोरचं लग्न असंच जमलं.

ता. क. दुसरा. लिफाफा चिकटवणार तेवढ्यात किशोरचा फोन आला. म्हणे, आई, शनिवारी गाडी घेऊन येतो. मी लिफाफा खाली ठेवला. म्हणलं, मी येणार नाही, म्हशीचं कोण पाहीन. तो म्हणे, तुले न्यायले नाही येत, पाणी न्यायले येतो. त्यायच्या बिल्डिंगची बोअर आटली म्हणे, टँकरची वाट पाहून लोक थकले. दहा कॅन घेऊन येते, मोठे. म्हणे, दर रविवारी पाहतो ना आई, काल तं अर्धी बादली भरली, तुझ्याकडे पाण्याले तोटा नाही. अन् रागिणीनं खालच्या मजल्यावरच्या बाईलेही दोन कॅन कबूल केले. म्हणजे बारा. मी काय म्हणणार? हो म्हणलं. आता तो मले न्यायचं नाव काढत नाही, इहीणबाई. मायले अकोल्याले नेलं तं पाणी कोण देईन? पण हे सारं शनिवारी सकाळपर्यंतच आहे.

ता. क. तिसरा. मेम्ब्रेन नाहीच भेटली तं काही बिघडत नाही. तुमच्या नळाले धरणाचं गोड पाणी येते, तेच गल्लीतून मागून आणलेल्या बारा कॅनमधी भरून ठेवा. नत्थुजीचा जावई गुरुवारी दर्यापूरच्या बाजारासाठी टेम्पो घेऊन निघते, तो उचलून आणन, मी मशीनचं म्हणून देऊन टाकीन अन् किशोरचे रिकामे कॅन तुमाले परत धाडीन. फक्त कॅन काठोकाठ भरू नका, वरून चार बोटं कमी ठेवा. पुरे भरलेले पाहिले का किशोर पुढच्या शनिवारी चोवीस आणन.